ठिपक्यांच्या अक्षरांचा बिल्ला

१

विमानाच्या शेपटात शिरायचं असलं की आमच्याकडे एक रीत पाळतात. शेपूट म्हणजे विमानाचा मागचा निमुळता, पोकळ भाग. त्याच्या पोटाशी एक झाकण असतं. ते उघडायचं, डोकं आत घालायचं आणि पालीसारखं सरपटत पुढे जायचं. सुकाणू हलवणाऱ्या तारा तिथून जातात. त्या तपासायच्या, ढिल्या झालेल्या जोडांना बारीक तार पिळून बांधायची आणि तसंच उलटं सरपटत बाहेर यायचं. आत एकच माणूस मावतो.

आत जाणारा आधी आपला बिल्ला झाकणापाशी टांगतो, नाव बाहेरच्या बाजूला. त्याचा जोडीदार बाहेर उभा राहतो. जोडीदाराने मधूनमधून पत्र्यावर एक ठोका द्यायचा. आतल्याने दोन द्यायचे. एक म्हणजे 'आहेस का?' आणि दोन म्हणजे 'आहे, बरा आहे.' काम झालं की ज्याचा बिल्ला त्यानेच स्वतःच्या हाताने काढायचा. तो टांगलेला असेपर्यंत झाकण लावायचं नाही, मग समोर प्रत्यक्ष बिल्ल्याचा मालक येऊन उभा राहिला तरी.

हे सगळं आम्हाला पंजाबराव सरांनी शिकवलं. हवाई दलात उभी हयात घालवून ते अमरावतीला परतले आणि बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या संस्थेत शिकवायला लागले. संस्था म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड, तीन वर्गखोल्या आणि एक जुनं दोन इंजिनांचं विमान, जे आता कधीच उडणार नव्हतं. कुठून आणलं ते कुणी सांगत नसे. ट्रकवर पंख सोडवून आणलं होतं, एवढंच माहीत. बेलोऱ्याच्या विमानतळावर उतरणारं खरं विमान शेडवरून गेलं की आम्ही सगळे हातातलं काम टाकून माना वर करायचो. सर तेवढं चालवून घ्यायचे.

"मशीन दगा देत नाई पोरंहो," ते म्हणायचे. "बाहेर थांबलेला मानूस देते."

आम्ही हसायचो. माझा बाहेरचा माणूस प्रीतम होता, आणि त्याच्याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

२

प्रीतम अकोल्याचा, जुन्या शहरातला. त्यांची फुलांची थोडी शेती आणि बाजारात गजऱ्यांचं दुकान. सुट्टीला तो मला गाडीवर बसवून घरी न्यायचा. त्याची आई, वच्छला मावशी, ओट्यावर बसून गजरे ओवायची आणि मला भाकरीवर भाकरी वाढायची. आमच्यात काय होतं ते आम्ही कधी बोललो नाही. पण मावशी मला 'सूनबाई' म्हणून चिडवायची आणि प्रीतम कानापर्यंत लाल व्हायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

उन्हाळा लागल्यापासून शेपटात नेहमी तोच जायचा.

"तू बाहेर थांब हर्षे, आत लय गरम होते. भाजून निघशील."

मलाही बरं वाटायचं. वऱ्हाडातला एप्रिल, त्यात पत्र्याची शेड, त्यात विमानाचं पोट. अशा वेळी आपल्यासाठी कुणीतरी घाम गाळतो याचं अप्रूप वाटतंच.

त्या सकाळी तो बाहेर आला, बिल्ला काढून खिशात टाकला आणि पाणी प्यायला माठाकडे गेला. मी झाकण लावलं. खटके बसवून झाले आणि निव्वळ सवयीने, डोक्यात दुसराच विचार चालू असताना, मी पत्र्यावर एक ठोका दिला. रिकाम्या शेपटावर असा ठोका कुणी देत नाही. पण हाताला सवय लागली की तो विचारत बसत नाही.

आतून दोन ठोके आले.

मी प्रीतमकडे पाहिलं. तो माठापाशीच होता. गडव्यातून पाणी त्याच्या शर्टावर सांडत होतं, कारण तो पीतच नव्हता. माझ्याकडे पाहत होता.

"ऐकलं का रे?" मी विचारलं.

"काय?"

"आतून आवाज आला. दोन."

"पत्रा हाय तो. उन्हानं फुगते अन् बोलते," तो म्हणाला आणि गडवा पालथा घातला. "चाल, जेवाले जाऊ."

मला ते पटलं. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेताना घरातून देव आणि भूत एकाच दिवशी बाहेर काढले, ते पुन्हा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मीही तशीच वाढले. पत्रा तापला की वाजतो, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. फक्त तो बरोबर दोनदा आणि नेमका माझ्या ठोक्यानंतरच का वाजावा, एवढं मी स्वतःला विचारलं नाही.

३

मी शेगाव नाक्याजवळ एका खोलीत भाड्याने राहत होते. खोलीत एक खाट, एक कूलर आणि घरमालकाचं जुनं लोखंडी कपाट. रविवारची दुपार होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वीज गेली, कूलर घरघरत थांबला आणि खोली एकदम शांत झाली.

कपाटातून दोन ठोके आले.

उंदीर असेल. मी उठून कपाट उघडलं. आत माझे कपडे, पुस्तकं आणि आईने दिलेला कुरड्यांचा डबा. उंदीर नव्हता. मी कपाट लावलं, खाटेवर बसले आणि खूप वेळ त्याच्या दाराकडे पाहत राहिले. मग माझी मलाच लाज वाटली. मी बोटाच्या पेराने दारावर एक ठोका दिला, गंमत म्हणून.

दोन आले. जवळून, दाराच्या पलीकडून लगेच.

मी चप्पल न घालता रस्त्यावर आले. डांबराने पाय भाजले तेव्हा भानावर आले. रसवंतीवाल्याच्या बाकावर बसून मी धामणगावला आईला फोन लावला. सांगणार काहीच नव्हते, फक्त तिचा आवाज ऐकायचा होता.

"बरं झालं तूच फोन केला," आई म्हणाली. "अवं, आपला तांदळाचा डबा वाजून राह्यला दोन दिवसांपासून. झाकन उघडून पाह्यलं, काईच नाई. तुये बाबा म्हन्ते किडे असतीन."

"कसा वाजते?"

"कसा म्हंजे? ठक ठक. दोनदा वाजते अन् चूप होते."

उसाचा रस माझ्या हातात तसाच राहिला, बर्फ विरघळला आणि रस काळा पडला. उन्हाने पत्रा फुगतो, हे मान्य. पण धामणगावचा तांदळाचा डबा आमच्या स्वयंपाकघरात, सावलीत, मडक्याच्या शेजारी असतो.

४

दुसऱ्या दिवशी प्रीतम शेपटात शिरला आणि मी बाहेर उभी राहिले. माझं लक्ष बिल्ल्याकडे गेलं. तो उलटा टांगलेला होता, कोरी बाजू बाहेर. सरांनी पाहिलं असतं तर दोघांनाही शेडभर फिरवून बोलले असते. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावू नये हे मला ठाऊक होतं. पण काढायचा थोडाच होता, सरळ करायचा होता.

मी तो फिरवला.

आमचे बिल्ले ॲल्युमिनियमचे, संस्थेच्या गेटवरही तेच दाखवून आत यायचं. सरांनी पहिल्या दिवशी प्रत्येकाचं नाव इंग्रजी अक्षरांचे ठसे हातोडीने मारून स्वतः उठवलेलं. हा बिल्ला पितळी होता. त्यावर मराठी अक्षरं होती, बारीक बारीक ठिपक्यांची. लग्नात आंदण दिलेल्या भांड्यांवर घालतात तशी. अकोल्याच्या जुन्या शहरात, भांड्यांच्या गल्लीत, मशीन घेऊन बसलेला माणूस अशीच नावं घालून देतो. माझ्या आईच्या हंड्यावर तशीच आहेत.

'हर्षा. धामणगाव रेल्वे.'

माझा बिल्ला माझ्या खिशात होता. मी चाचपून पाहिला.

आतून प्रीतमचा आवाज आला. तो कुणाशी तरी हळू बोलत होता, आजारी माणसाची समजूत काढताना बोलतात तसा. शब्द कळत नव्हते. एकच शब्द कळत होता, कारण तो पुन्हा पुन्हा येत होता, आणि ते माझं नाव होतं.

५

शेडमागे एक कडुनिंब आहे. प्रीतम बाहेर येऊन बिल्ला काढताच मी तो हिसकावला, त्याला तिथे नेलं आणि बिल्ला त्याच्या छातीवर आपटला.

"हे काय आहे?"

तो बसला. खाली, मातीत, पाय दुमडून.

"ते नाव इचारते, हर्षे."

"कोन?"

"मले नाई माहीत कोन. आत, शेवटच्या पत्र्याच्या पडद्याच्या पलीकडं. तिथं लेकरूबी मावत नाई, तरी कोनीतरी हाय. होळीच्या आधी मी आत गेलो, तवा त्यानं ठोका देल्ला. एकच. मले वाटलं तू बाहेरून देल्ला, म्हून मी दोन देल्ले." त्याने नाक पुसलं. "मंग ते घरी आलं. अकोल्याले. आमच्या पेटीत, देवघराच्या पत्र्यात, आईच्या खाटंखाली. आई झोपली का वाजे. एक दिवस तर ते मायाच आवाजात आईले बोललं, अन् आईनं त्याले जेव म्हनलं. मी मांगं उभा होतो. आईनं मायाकडं पाह्यलंच नाई."

"मग?"

"मंग मी त्याले दुसरं नाव देल्लं."

कडुनिंबाची पिवळी पानं पडत होती. त्यातलं एक त्याच्या केसात अडकलं. कालपर्यंत ते मी काढलं असतं.

"गावासकट दिलंस," मी म्हणाले. "माझी आई आहे रे तिथं."

"नुसत्या नावानं जात नव्हतं."

मी त्याला मारलं नाही. माझा विश्वासच बसत नव्हता. भुतावर नाही, ती गोष्ट वेगळी. जो माणूस मला उन्हात उभं राहू देत नव्हता, तो त्याच उन्हात भांड्यांच्या गल्लीत बसून मशीनवाल्याला माझं नाव नीट सांगत होता, हे मनाला पटत नव्हतं. मशीनवाल्याने 'षा' नीट काढला की नाही, हेही प्रीतमने तपासलं असेल. तो तसा काळजीपूर्वक काम करणारा मुलगा आहे.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? इमानात भूत हाय म्हनू? हाकलून देतील. बापानं वावर गहाण टाकू टाकू शिकवलं मले." मग त्याने माझे पाय धरले. "हर्षे, परीक्षेत तुले आत जाच लागते. तवा मी बाहेर राहीन. हलनार नाई. आईची आन. तू आपला खरा बिल्ला टांग, अन् तुयाच हातानं काढ. मंग ते काईच करू शकत नाई."

ठिपक्यांचा बिल्ला मी खिशात टाकला. जोडीदार बदलून मागायला सरांकडे गेले. ते म्हणाले, "परीक्षेच्या तोंडावर जोड्या बदलत नाई बाई. भांडलात का? मिटवा." काय सांगणार होते मी तरी? परीक्षा सोडली तर वर्ष गेलं. आणि नुसत्या ठोक्यांना घाबरून सोडली, हे धामणगावला जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचं?

शिवाय त्याने आईची शपथ घेतली होती. मूर्खासारखं मला ते पुरेसं वाटलं.

६

परीक्षक नागपूरहून आले होते. विमानाच्या पुढच्या बाजूला, कूलरसमोर खुर्ची टाकून ते एकेका जोडीला कामं देत होते. आम्हाला शेपूट मिळालं. सकाळी तार पिळण्याचा सराव करताना माझा अंगठा कापला होता, त्यावर मी पट्टी लावली होती. मी माझा खरा बिल्ला टांगला, नाव बाहेर. प्रीतमने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी आत शिरले.

आत तापलेल्या धातूचा आणि जुन्या तेलाचा वास होता. कोपरांवर सरपटत मी तारांपर्यंत पोचले. टॉर्च तोंडात धरली. जोड तपासला, तार ओवली, पिळली. काम नीट होत होतं. समोर शेवटचा पडदा होता, पत्र्याचा, मधोमध वाटीएवढं गोल भोक. मी त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

बाहेरून प्रीतमचा एक ठोका आला. मी उत्तर द्यायला हात उचलला.

माझ्याआधी दोन आले. समोरून.

टॉर्च आपोआप तिकडे वळली. भोकापलीकडे एक हात होता. बोटं मुडपलेली, पेरं पत्र्याला टेकलेली. नखांत ग्रीस. अंगठ्याला पट्टी होती, आणि पट्टीचं एक टोक सुटलेलं होतं. माझ्याही पट्टीचं तेच टोक सुटलेलं होतं.

टॉर्च तोंडातून पडली आणि विझली. मी ओरडले, निदान मला तसं वाटलं. मागे सरपटायला लागले. कोपरं सोलली, गुडघा कशावर तरी आपटला. झाकणातून येणारा उजेड पायाशी होता, मग कंबरेशी. मी मान वळवून खाली पाहिलं. सिमेंटच्या जमिनीवर प्रीतमचे बूट दिसले. त्याच्या शेजारी दुसरे बूट. डाव्या बुटाची नाडी हिरवी होती. मूळची तुटली म्हणून मी मागच्याच आठवड्यात हिरवी घातली होती.

"झालं रे," माझा आवाज म्हणाला. बाहेरून. "लाव झाकन."

"प्रीतम!" मी ओरडले. "मी आत आहे! प्रीतम, मी इथं आहे!"

तो वाकला. त्याचं तोंड झाकणाच्या चौकटीत आलं. त्याने मला पाहिलं. हे मी ठासून सांगते, कारण तो पुढे कुणाला काहीही सांगेल. अंधार होता, मी दिसले नाही, पत्रा वाजला असेल. तसं नव्हतं. हातभर अंतर होतं. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं, मला ओळखलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने बाजूला पाहिलं. तिथे बिल्ला काढल्याचा आवाज आला, साखळीचा. ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने.

झाकण वर आलं. खटके एकेक करून बसले, सावकाश, कुणाला झोपेतून उठवायचं नसावं तसे.

७

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मी पत्रा बडवला, ओरडले, मग घसा बसला. शेवटी मी फक्त दोन दोन ठोके देत राहिले, कारण आमच्या धंद्यात त्याचा अर्थ 'मी आहे' असाच होतो.

झाकण पंजाबराव सरांनी उघडलं. ते शेडला कुलूप लावायला आले होते. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं, तोंडावर पाणी मारलं, आणि मग माझ्याकडे नीट पाहून एक पाऊल मागे सरकले.

"तू?" ते म्हणाले. "तुले तं मी दुपारी गेटपाशी पाह्यलं. प्रीतमच्या मांगं गाडीवर बसून राह्यली होती."

"सर, मी सकाळपासून आत आहे."

"परीक्षा तर देल्ली तू. तोंडी परीक्षेत काय उत्तरं देल्ली बाप्पा, नागपूरवाले खूश होऊन गेले. मीच टाळी वाजवली." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. बिल्ला टांगायच्या रिकाम्या हुककडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. "तुया बिल्ला कुठं हाय?"

मी खिशात हात घातला. ठिपक्यांचा निघाला. सरांनी तो हातात घेऊन वाचला आणि परत दिला. मला खोलीवर सोडायला ते आले नाहीत. रिक्षा करून दिली, आणि रिक्षा वळेपर्यंत गेटच्या आतच उभे राहिले.

८

दिवेलागणीला मी अकोल्याला फोन लावला. प्रीतमने उचलला नाही. मग वच्छला मावशीला लावला. मागे बाजारातला गलका, भोंगे, आणि कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं.

"मावशी, मी हर्षा."

"कोन?"

"हर्षा, मावशी. प्रीतम कुठं आहे?"

मावशी हसली. "काहून मस्करी करता वं बुढ्या बाईची? हर्षा इथं मायाजवळ बसली हाय. गजरे ओवून राह्यली. आज पह्यल्यांदा सुई धरली पोरीनं, पन हात कसा सफाईदार हाय." मग ती फोन लांब धरून म्हणाली, "सूनबाई, पाय वं, कोनीतरी तुयंच नाव सांगून राह्यलं."

पलीकडचं हसणं थांबलं. फोन कुणीतरी घेतला. श्वास ऐकू आला. तो श्वास मला ओळखीचा होता. शेपटात शिरण्याआधी तो असाच दोनदा लांब श्वास घ्यायचा.

"प्रीतम," मी म्हणाले. "तू मला पाहिलंस. प्रीतम, तुला माहीत आहे मी कोण ते."

तो नुसता ऐकत राहिला. मी रडले तेही त्याने ऐकलं. मग शेजारून माझ्या आवाजात कुणीतरी हळूच विचारलं, "कोन हाय?"

"कोनी नाई," प्रीतम म्हणाला. "राँग नंबर हाय."

फोन बंद झाला.

मी खाटेवर बसले आहे. मघाशी उठून कपाटावर एक ठोका दिला. थांबले. पुन्हा दिला. आतून काहीच आलं नाही. कपाटात आता कुणी नाही. आईला फोन करायचा आहे, धामणगावला. तांदळाचा डबा थांबला का, विचारायचं आहे. पण मुलगी पास झाल्याचं तिला एव्हाना कुणीतरी कळवलं असेल, आणि मी नाव सांगितल्यावर ती काय म्हणेल ते मला ऐकायचं नाही.

ठिपक्यांचा बिल्ला हातात आहे. त्यावर नाव आहे, गाव आहे. उद्या गेटवर हाच दाखवावा लागेल.